देश आधी की भावंडं?

बाल न्याय अधिनियम, २०१५ मधल्या कलम ५९ ला एक परंतुक जोडलेलं आहे. मूल दत्तक देण्यासाठी कायदेशीररीत्या मुक्त झालं आणि साठ दिवसांत त्याला भारतीय किंवा अनिवासी भारतीय पालक मिळाले नाहीत, तर ते परदेशी कुटुंबाला देता येतं, हा मूळ नियम. शारीरिक वा मानसिक अपंगत्व असलेली मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना परदेशी दत्तकाच्या बाबतीत इतर मुलांपेक्षा प्राधान्य देता येईल, असं हे परंतुक सांगतं.

यादीतली पहिली आणि शेवटची नोंद तिथे का आहे, हे कळायला वेळ लागत नाही. अपंग मूल घरी आणायला आपला समाज कचरतो, आणि सात वर्षांचं मूल ‘आता आपल्यात काय रुळणार’ असं त्याला वाटतं. हे बरं नाही, पण ओळखीचं आहे. मधल्या नोंदीचं काय? चार वर्षांचा धडधाकट भाऊ आणि दोन वर्षांची हसरी बहीण या यादीत का यावीत? ती दोन आहेत, एवढाच त्यांचा दोष. कधी तीन असतात, मग तो आणखी मोठा.

कायद्याने हे मनाने रचलेलं नाही, आपलं वागणं पाहून टिपून ठेवलं आहे. देशात दत्तकासाठी नोंदणी करून बसलेल्या पालकांची संख्या तीस हजारांच्या वर आहे. कायदेशीररीत्या मुक्त असलेली मुलं जेमतेम दोन-अडीच हजार. तान्ह्या, निरोगी बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं आणि लोक थांबतात. दुसरीकडे संस्थांमध्ये भावंडांच्या जोड्या थांबलेल्या असतात, त्यांच्याकडे कोणी वळत नाही. रांगेतल्या बहुतेकांना दोन वर्षांच्या आतलं, एकच मूल हवं असतं. संस्थेतल्या ताईंच्या भाषेत, एकटं बाळ ‘लगेच लागतं’ आणि भावंडं ‘लागत नाहीत’. २०२४-२५ या वर्षात देशात एकूण ४,५१५ दत्तकविधानं झाली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. परदेशी गेलेल्या साडेतीनशेच्या आसपास मुलांमध्ये अमेरिका, इटली, स्पेन, माल्टा अशा देशांतल्या घरांनी स्वीकारलेली मोठी मुलं आणि भावंडं असतात, कारण इथे त्यांच्यासाठी कोणी हात पुढे केलेला नसतो.

अशा एखाद्या जोडीची बातमी वर्तमानपत्रात आली, की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक म्हणते, आपली मुलं परक्यांच्या हवाली करायची म्हणजे काय? दुसरी म्हणते, पोरांनी नशीब काढलं. पहिलीला देश दिसतो, दुसरीला विमान. ही मुलं एकमेकांची कोण आहेत, हे दोघींनाही दिसत नाही. माझ्या मते तोच पहिला प्रश्न आहे. अनाथ भावंडांचा पहिला हक्क एकमेकांवर असतो. गाव, भाषा, धर्म, देश ही सगळी नाती खरी आहेत, पण त्यांची पाळी त्यानंतर येते.

हे भाबडेपणाने म्हणत नाही. दत्तकाची आपल्या मनातली कल्पना तान्ह्या, एकट्या बाळाची आहे. नदीत सोडलेला कर्ण, नांगराच्या तासात सापडलेली सीता, ही आपली जुनी चित्रं. आधुनिक काळातही जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि पुढे सावित्रीबाई-जोतीरावांनी यशवंतला मांडीवर घेतलं, तेव्हाही ते एका विधवेचं तान्हं मूल होतं. कायदाही याच कल्पनेत वाढला. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा मिळाली, पण मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. आईवडिलांनी स्वतः सोपवलेल्या मुलाच्या बाबतीत त्यांना फेरविचाराला दोन महिने द्यावे लागतात, मग पुढची कागदपत्रं. तेव्हा ही रजा किती जणींच्या हाती लागली असेल याचा हिशेब वाचकानेच करावा. एकदम दोन शाळकरी मुलं घरात आणणाऱ्या बाईचा तर ती दुरुस्ती लिहिणाऱ्याने विचारही केलेला नव्हता.

तान्ह्या बाळाला आठवण नसते, म्हणून ते ‘आपलंसं’ होतं अशी आपली समजूत. भावंडं आठवणी घेऊन येतात. आई कशी गेली, बाप कुठे कामाला होता, घराला पत्रे होते की कौलं, धाकटीला लाडाने काय म्हणायचे, हे त्यांना ठाऊक असतं. आणि त्यांच्यातल्या कोणी ते विसरलं, तर सांगणारं दुसरं कोणी असतं. फाइलमध्ये ‘आईचा मृत्यू, वडील बेपत्ता’ एवढंच असतं. बाकीचं सगळं त्या दुसऱ्या मुलाच्या डोक्यात असतं.

परदेशी जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत याला फार वजन येतं. कोरियात जन्मून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या प्रौढांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यांना कोरियन वाक्यं ऐकवून मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा त्यांचा प्रतिसाद कधीही कोरियन न ऐकलेल्या फ्रेंच माणसांपेक्षा वेगळा नव्हता. आठ वर्षं वयापर्यंत बोललेली मातृभाषासुद्धा अशी पुसली जाऊ शकते. बीडहून किंवा नांदेडहून मिलानला गेलेल्या पोरांचं मराठीही टिकेल, असं कोणी छातीठोकपणे सांगू नये. दोघं बरोबर गेली म्हणून भाषा वाचेलच असंही नाही. पण ‘आपण तिथे होतो’ ही गोष्ट वाचते. भाषा गेली, नाव बदललं, जेवण बदललं, तरी त्या आधीच्या आयुष्याला एक साक्षीदार उरतो. एकट्या मुलाला पुढे अठरा वर्षांचं झाल्यावर स्वतःच्या मुळांचा शोध घेण्याची मुभा नियमांत आहे. बरोबर वाढलेल्या भावंडांचा निम्मा शोध घरातच झालेला असतो.

मराठी मनाला हे सांगावं लागू नये. आपल्या परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध अनाथ मुलं म्हणजे चार भावंडं आहेत. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता उरली. आळंदीने त्यांना वाळीत टाकलं होतं. शुद्धिपत्रासाठी ती पैठणला गेली तीही चौघं मिळून. मोठ्याने धाकट्यांना सांभाळलं एवढंच त्यात नाही. ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवाला समजावणारी मुक्ता चौघांत सर्वांत लहान होती. भावंडांमध्ये कोण कोणाला सांभाळतं हे वयाच्या रकान्यावरून ठरवता येत नाही, हे या चौघांइतकं दुसऱ्या कोणी दाखवलेलं नाही.

आता हीच चार मुलं आजच्या व्यवस्थेत आली असती तर? सहा वर्षांखालची मुक्ता विशेष दत्तक संस्थेच्या शिशुगृहात गेली असती आणि तिथून काही आठवड्यांत एखाद्या घरी ‘लागली’ असती. तिघे मुलगे मुलांच्या बालगृहात, तेही वयोगटाप्रमाणे वेगवेगळ्या खोल्यांत, कदाचित वेगवेगळ्या इमारतींत. मुक्ता तोवर कुठे लागली नसती तर सहा पूर्ण झाल्यावर मुलींच्या बालगृहात, बहुधा दुसऱ्या गावी. राखीपौर्णिमेला अधीक्षकांनी गाडीची सोय केली, तर भेट. ही अतिशयोक्ती नाही. मुलगे-मुली वेगळे आणि वयोगट वेगळे, अशीच आपल्या निवासी संस्थांची घडी आहे. सुरक्षिततेसाठी तिची गरज आहे, हेही मान्य. पण सख्ख्या बहीणभावांसाठी अपवादाची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रियात सुरू झालेल्या आणि आपल्याकडे १९६४ पासून काम करणाऱ्या एसओएस बालग्रामांनी ‘एक आई, एक घर, भावंडं एकत्र’ हे तत्त्व धरलं. पुण्यात येरवड्याला आणि अलिबागजवळ ती आहेत. सरकारी बालगृहांनी त्यांच्याकडून ही एक गोष्ट उचलली असती तरी पुष्कळ झालं असतं.

म्हणून परदेशी दत्तकाने भावंडं तुटतात ही हाकाटी मला खोटी वाटते. तुटायची ती पासपोर्ट निघण्याच्या कितीतरी आधी, आपल्याच रजिस्टरमध्ये तुटलेली असतात. एक मूल एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे आलं, दुसरं तीन महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात सापडलं, आणि दोन्ही फाइली कधी एकमेकींना भेटल्याच नाहीत, असं झालं की संपलं. मुलं दत्तकासाठी मुक्त करताना ती भावंडं असतील तर तसं आदेशात नोंदवावं, असं नियम सांगतात. सगळा खेळ त्या एका ओळीवर आहे. ती लिहिली गेली, तर संगणकावर दोघं एक जोडी म्हणून दिसतात. राहिली, तर दोन एकटी मुलं.

कागदाने नातं कसं पुसता येतं याचं सर्वांत कठोर उदाहरण दक्षिण कोरियाचं. कोरियन युद्धानंतरच्या दशकांत तिथून सुमारे दोन लाख मुलं अमेरिका-युरोपात गेली. त्यातल्या अनेकांसाठी स्वतंत्र ‘अनाथ नोंद’ तयार केली जाई. त्या नोंदीत ते मूल स्वतःच कुटुंबप्रमुख आणि कुटुंबात दुसरं कोणीच नाही. आईबाप हयात असलेली मुलंही अशी कागदावर एकटी झाली. मार्च २०२५ मध्ये त्या देशाच्या सत्य व समेट आयोगाने या व्यवहारात मुलांच्या मानवी हक्कांचं उल्लंघन झाल्याचं मान्य केलं. नेदरलँड्सने परदेशी दत्तक टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं आहे. चीनने २०२४ मध्ये नातेवाइकांखेरीज परदेशी लोकांना मुलं देणं थांबवलं.

आपणही धुतल्या तांदळाचे नाही. मुलं परदेशी पाठवण्यातल्या गैरप्रकारांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्यावर १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला आणि तिथून आपल्या दत्तकव्यवस्थेला शिस्त लागायला सुरुवात झाली. पुढे परदेशी दत्तकाविषयीच्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. तरीही पुण्यातल्या प्रीत मंदिर या दत्तक संस्थेच्या प्रकरणात उच्च न्यायालयाला सीबीआयकडे तपास सोपवावा लागलाच. तेव्हा परदेशी दत्तकाकडे संशयाने पाहणाऱ्यांना मी वेडे ठरवणार नाही. जिथे डॉलर आणि युरो येतात तिथे मूल ‘मिळवण्याची’ घाई येते, आणि घाईत पहिला बळी जातो तो आजीचा, मामाचा, मोठ्या बहिणीचा शोध.

पण या संशयातून सरसकट बंदीची मागणी निघते, तेव्हा मला विचारावंसं वाटतं: मग या दोघांना कोण घेणार? तुम्ही? बंदी घातली की मूल आपोआप एखाद्या मराठी घरात जात नाही. ते बालगृहात राहतं, अठराव्या वर्षी बाहेर पडतं, नशीब असेल तर अनुरक्षण गृहात आणखी काही वर्षं काढतं. महाराष्ट्राने २०१८ पासून अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण दिलं ही चांगली गोष्ट झाली. पण आरक्षण म्हणजे घर नव्हे.

आता सगळ्यांत अवघड जागा. नऊ वर्षांची बहीण आणि दोन वर्षांचा भाऊ. भाऊ एकटा असता तर पुण्या-मुंबईतलं एखादं घर त्याला महिन्याभरात घेऊन गेलं असतं. बहिणीसकट इथे कोणी विचारत नाही, म्हणून दोघं अडकतात. तिच्यासाठी त्याला का अडवून ठेवायचं? प्रत्येक मुलाचं हित स्वतंत्र पाहा, त्या लहानग्याला इथेच, याच भाषेत आईबाप मिळू द्या, असं म्हणणारे समाजकार्यकर्ते भेटतात, आणि ते दुष्ट नसतात. त्यांचा दुसरा मुद्दा आणखी टोकदार आहे: ती नऊ वर्षांची पोर त्याची आई होऊन बसली आहे, त्याचं शी-शू तीच काढते, तिचं बालपण गेलं, वेगळं झाल्यावर तिलाही मोकळं होता येईल.

यातलं दुसरं म्हणणं मला निम्मं पटतं. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलं पाहिजे, यात वादच नाही. पण ओझं उतरवायला मोठं माणूस द्यावं लागतं, भाऊ काढून घ्यावा लागत नाही. तो गेल्यावर ती मोकळी होत नाही. ज्याच्यासाठी ती सकाळी उठत होती तेवढं एक कारण तिच्या हातून जातं. पहिल्या म्हणण्यातली चूक वेगळी आहे. ‘प्रत्येकाचं हित स्वतंत्र’ हा हिशेब त्या लहानग्याच्या दोन वर्षांच्या वयात केला जातो. तो बावीस वर्षांचा होईल, फाइल मागेल, त्यात बहिणीचं नाव वाचेल, तेव्हाही तो माणूसच असणार आहे. त्याच्या वतीने आज सही करताना त्या बावीस वर्षांच्या माणसाला विचारल्यासारखं वागायला हवं. ‘तुला लवकर घर मिळावं म्हणून आम्ही ताईला मागे ठेवलं’ हे वाक्य त्याला ऐकवायची कोणाची तयारी आहे? माझी नाही.

अपवाद असतात, आणि ते खरे असतात. एका भावंडाने दुसऱ्याला जबर इजा केली असेल, अत्याचार झाला असेल, किंवा एकाच्या आजाराला लागणारे उपचार एका ठिकाणीच मिळत असतील, तर वेगळं करणं भागच पडतं. पण ते सिद्ध करण्याची जबाबदारी वेगळं करणाऱ्यावर असावी. स्पष्ट धोका किंवा मुलाच्या हिताचं दुसरं कारण असल्याखेरीज भावंडं वेगळी करू नयेत, असं संयुक्त राष्ट्रांची पर्यायी संगोपनाविषयीची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. आपल्याच अधिनियमात, प्रतिपालक कुटुंबाविषयीच्या कलम ४४ मध्ये, भावंडांना एकत्र ठेवण्याचे सर्व प्रयत्न करावेत असं स्पष्ट वाक्य आहे. गंमत पाहा: काही वर्षांपुरत्या घरासाठी हा दंडक, आणि जन्मभराच्या घराचा विषय निघाला की कलम ५९ मध्ये भावंडं भेटतात ती परदेशी पाठवण्याच्या प्राधान्ययादीत. त्या यादीवर माझा आक्षेप नाही. दोघं एकत्र जाणार असतील तर जाऊ द्यावीत. आक्षेप आहे तो तिच्या आधीच्या रिकाम्या जागेवर. भावंडं एकत्रच दत्तक दिली जातील आणि अपवाद करायचा तर जिल्हाधिकारी लेखी कारण देतील, असं दत्तकाच्या प्रकरणातच लिहिलेलं असायला हवं. २०२२ पासून दत्तकाचे आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून निघतात. मुलाचं वय आणि समज पाहून त्याची इच्छा विचारात घ्यायची हे कलम ६१ सांगतं. त्या नऊ वर्षांच्या मुलीला ‘इटलीला जाशील का’ असं विचारण्याआधी ‘भाऊ कुठे असावा असं तुला वाटतं’ हे विचारलं गेलं का, एवढं तपासून मगच सही व्हावी.

या सगळ्याच्या आधीची पायरी पैशाची आहे, आणि ती बोलायला आपल्याला आवडत नाही. भावंडं बहुतेक वेळा उकिरड्यावर सापडलेली नसतात. आई वारलेली, बाप तुरुंगात किंवा दारूत, आजी थकलेली, मामाची स्वतःची तीन पोरं, अशी ती येतात. नातलग नसतात असं नाही, पोसायची ऐपत नसते. बालसंगोपन योजनेत महाराष्ट्र सरकार दरमहा एका मुलामागे २,२५० रुपये देतं, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४,००० रुपये मिळू शकतात. हे पैसे वेळेवर आजीच्या खात्यात पडले असते, तर किती जोड्या संस्थेच्या दारात आल्याच नसत्या. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, तेव्हा काका-मामांच्या घरात मुलं राहू शकली. इच्छा असली की जमतं, हे तेव्हा दिसलं. एरवीच्या मृत्यूंना मात्र ती तातडी मिळत नाही. क्षयाने गेलेली ऊसतोड कामगार आई आणि कोविडने गेलेली आई यांत मुलांच्या दृष्टीने काय फरक आहे?

आजीकडे, नाहीतर मामाकडे, सोबत पैशाची हमी. ते न जमल्यास देशातल्या घरात एकत्र. तेही न जमल्यास परदेशातल्या घरात एकत्र, आणि मग पुढची दोन वर्षं नियमाप्रमाणे येणारे पाहणी अहवाल कोणीतरी खरोखर वाचायला हवेत. दोन मुलं वेगवेगळ्या घरात जाणं या सगळ्याच्या खाली, आणि गेलीच तर पत्ते, फोन, भेटी आदेशात लिहून. देशातली ताटातूट मला परदेशातल्या सोबतीपेक्षा वाईट वाटते. ज्यांना हे देशाभिमानाला धरून वाटत नाही, त्यांनी देशाभिमान दाखवायची जागा विमानतळ नसून नोंदणीचा अर्ज आहे, हे ध्यानात घ्यावं.

रांगेतल्या सगळ्या पालकांना मी दोष देत नाही. मुंबईत दोन खोल्यांच्या घरात एकदम दोन मुलं आणणं, दोन शाळांची फी, वर्षानुवर्षं मूल नसलेल्या बाईने एका रात्रीत दोघांची आई होणं, हे सोपं नाही. पण हिंगण्याच्या महर्षी कर्व्यांच्या संस्थेसाठी दर दिवाळीला अनोळखी मुलींच्या नावाने भाऊबीज निधी देणारा हा समाज आहे. त्याला हे अशक्य असेल असं मला वाटत नाही. त्याला कोणी विचारलेलं नाही, एवढंच. गृहभेटीला येणाऱ्या समाजसेविकेने दरवेळी थेट विचारावं, की दोघं चालतील का. त्या घराला दोन मुलांसाठी रजा आणि पहिल्या वर्षी समुपदेशन मिळावं. आणि जी जोडपी आज नोंदणी करायला बसली आहेत त्यांना एक विनंती: ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच्या अर्जात मुलाबद्दलची पसंती विचारतात, तिथे सवयीने ‘एक’ भरून पुढे जाऊ नका. भावंडांचा पर्याय निवडला, तर तीन वर्षांची वाट पाहणं बहुधा खूपच कमी होईल.